रुसलेला अग्नी

मार्गशीर्ष-पौषाच्या पहाटे आमच्या नगर जिल्ह्यात जी थंडी पडते, ती मुंबईच्या किंवा कोकणातल्या माणसास नुसती सांगून पटावयाची नाही. २०२४ साली जिल्ह्याचे सरकारी नाव अहिल्यानगर झाले, परंतु थंडी पूर्वीचीच राहिली आहे. अकोल्याच्या डोंगराकडील गावे तर राहोतच, पण खुद्द शहरातही पारा कित्येकदा १० अंशांच्या खाली उतरतो. अशा वेळी घरात सहा-सात माणसांच्या आंघोळी व्हावयाच्या असतात. कोणास कचेरी गाठावयाची, कोणास शाळा, कोणास देवपूजा उरकावयाची. आणि नेमका त्याच दिवशी गॅसचा गीझर पेटत नाही. मग घरातील प्रत्येक जण वैद्य होतो. आजोबा म्हणतात, सिलिंडर संपला. काका म्हणतात, सेल गेले. वहिनी म्हणतात, टाकीतच पाणी नाही. आणि कोणी तरुण हौशी गृहस्थ पेचकस हाती घेऊन यंत्राचे झाकणच उघडावयास निघतो.

यांपैकी कोणाचेही निदान खरे असू शकेल. परंतु निदान हे मतांच्या संख्येने ठरत नसून क्रमाने ठरते. तो क्रम कोणता, हे सांगणे हा प्रस्तुत लेखाचा एक हेतू आहे. दुसरा हेतू याहून महत्त्वाचा आहे. अग्नीचा रुसवा काढण्याच्या घाईत काय करू नये, आणि तो प्रसन्न झाल्यावरही कोणती सावधगिरी सोडू नये, हे घरातील लहानथोरांस ठाऊक असलेच पाहिजे; कारण न पेटणाऱ्या गीझराने फार तर आंघोळ अडते, पण वाईट रीतीने पेटलेल्या गीझराने माणूस जातो.

बंब आणि गीझर

आपल्या आजोबा-पणजोबांच्या घरी तांब्याचा बंब असे. मध्ये विस्तवाची नळी, भोवती पाणी. त्यात बाभळीच्या ढलप्या, तुराट्या, पऱ्हाट्या, गोवऱ्या, जे हाती येईल ते घालीत. बंब न पेटण्याची कारणे सर्वांस डोळ्यांनी दिसत: लाकूड ओले आहे, खाली राख साचली आहे, नळी काजळीने भरली आहे. तो पेटला म्हणजे धूर होई, आणि धुराने डोळे चुरचुरू लागले म्हणजे मनुष्य आपोआप दार उघडी. बहुतेक घरी बंब परसात, पडवीत अथवा मागल्या अंगणातच ठेवीत. धुरास सगळेच शिव्या देत. परंतु तो धूर घराचा पहारेकरी होता, ही गोष्ट कोणाच्या ध्यानात येत नसे.

गीझर हे नाव मूळचे आइसलँड बेटातील एका प्रसिद्ध उष्ण कारंज्याचे. १८६८ साली लंडन येथे बेंजामिन वॉडी मॉघन याने वाहते पाणी गॅसवर तापविण्याचे यंत्र काढले व त्यास ते नाव दिले. त्या यंत्रास जळलेला वायू बाहेर नेणारे धुराडे नव्हते, म्हणून ते धोक्याचे होते. पुढे यंत्र सुधारले. परंतु मूळचा धोका यंत्रातून गेला तरी बंद खोलीतून गेलेला नाही, हे पुढे दिसून येईल.

धुरावाचून अग्नी

तर्कशास्त्राचा आरंभ करणाऱ्या विद्यार्थ्यास पहिले अनुमान शिकवितात ते धुराचेच. पर्वतावर धूर दिसतो, म्हणून तेथे अग्नी आहे. आणि या नियमाचा दाखला म्हणून स्वयंपाकघर पुढे करतात. सतराव्या शतकातील अन्नंभट्टाचा तर्कसंग्रह ज्यांनी वाचला आहे, त्यांस हे परिचितच आहे. परंतु तेच शास्त्र पुढे असेही बजावते की, हा नियम उलटा चालत नाही. धूर तेथे अग्नी हे खरे. पण अग्नी तेथे धूर असलाच पाहिजे असे नाही. तापून लाल झालेल्या लोखंडी गोळ्यात अग्नी आहे, धूर नाही. धुरास अग्नीबरोबर ओल्या इंधनाचा संयोगही लागतो.

आजचा गॅस हा त्या तप्त लोहगोलाच्या जातीचा आहे. त्यात ओलावा नाही, राख नाही, दिसेल असा धूर नाही. म्हणून ‘धूर नाही, तेव्हा भय नाही’ असे जे आपण मनात म्हणतो, ते तर्काच्या दृष्टीने चुकीचे आणि जिवाच्या दृष्टीने घातक आहे. पहारेकरी गेला, त्याचे काम आता नियमाने करावयास हवे.

यंत्र पेटते कसे

न पेटण्याचे कारण शोधावयाचे तर पेटण्याचा क्रम आधी कळला पाहिजे. हल्लीच्या बहुतेक घरगुती गॅस गीझरांत तो येणेप्रमाणे असतो. आपण गरम पाण्याची तोटी उघडली म्हणजे यंत्रातून पाणी वाहू लागते. त्या पाण्याच्या दाबाने आतला रबरी पडदा फुगतो व एक बारीक दांडी ढकलली जाऊन विजेचे छोटे बटण दाबले जाते. बटण दाबले जाताच सेलांच्या शक्तीवर दोन कामे एकदम होतात: बर्नरपाशी टिकटिक अशा ठिणग्या पडू लागतात, आणि गॅसची झडप उघडते. ज्योत लागली म्हणजे तिच्यापाशी असलेल्या दुसऱ्या एका धातूच्या काडीस ती समजते. कारण ज्योतीतून विजेचा अगदी सूक्ष्म प्रवाह वाहू शकतो. काडीने ‘ज्योत आहे’ अशी साक्ष दिली की ठिणग्या थांबतात व झडप उघडी राहते. काही सेकंदांत साक्ष मिळाली नाही, तर यंत्र झडप मिटून घेते.

म्हणजे पाणी, सेल, गॅस, ठिणगी आणि ज्योतीची साक्ष अशी ही पाच कड्यांची साखळी आहे, आणि सहावी हवा सर्वांभोवती आहेच. यांपैकी एकही कडी तुटली तर यंत्र पेटत नाही, व त्याने पेटू नये अशीच त्याची रचना आहे. न पेटणे हा पुष्कळदा यंत्राचा दोष नसून त्याचा शहाणपणा असतो.

कान देऊन ऐकावे

पहिली परीक्षा कानांची. तोटी पूर्ण उघडावी आणि टिकटिक ऐकू येते की नाही, एवढेच पाहावे.

टिकटिक मुळीच होत नसेल, तर दोष पाण्याच्या वा सेलांच्या बाजूस आहे. गॅसकडे पाहण्याचे अद्याप कारण नाही. अशा यंत्रास बहुधा दीड-दीड व्होल्टचे दोन जाडे सेल लागतात. ते बाहेर काढून पाहावेत. टोकांवर पांढरा-हिरवा थर धरला असेल तर तो कोरड्या फडक्याने पुसावा. सेल जुने असतील तर दोन्ही एकदम बदलावेत. एक नवा व एक जुना घालणे ही काटकसर नव्हे. अधिक-उणे चिन्हे डब्यातील खुणांशी जुळवून घ्यावीत.

सेल नवे असूनही आवाज नाही, तर पाणी पाहावे. लहान गीझरांस मिनिटास अडीच ते तीन लिटर तरी पाणी वाहावे लागते. नेमका आकडा यंत्राच्या पुस्तिकेत दिलेला असतो. एक लिटरचे भांडे तोटीखाली धरून घड्याळ पाहावे. ते भरण्यास २४ सेकंदांहून अधिक वेळ लागत असेल, तर मिनिटास अडीच लिटरही पाणी येत नाही, व पडदा फुगावा तसा फुगत नाही. याची कारणे दोन. पहिले, टाकीची उंची. १० मीटर उंचीच्या पाण्याचा दाब दर चौरस सेंटीमीटरास सुमारे १ किलो भरतो. तेव्हा टाकी न्हाणीघराच्या स्लॅबवरच बसविलेली असली तर दोन-अडीच मीटरांची उंची मिळून दाब त्याच्या चौथ्या हिश्शाएवढाच येतो. दुसरे, क्षार. आमच्या जिल्ह्यात पुष्कळ घरी विंधनविहिरीचे पाणी आहे, आणि काळ्या पाषाणातून आलेले ते पाणी बहुधा जड असते. तापल्यावर त्यातील चुना नळीत, शॉवरच्या छिद्रांत व यंत्राच्या तोंडाशी असलेल्या जाळीत बसतो. शॉवर काढून नुसत्या तोटीने पाणी सोडताच यंत्र पेटले, तर दोष शॉवरचा ठरला. तो लिंबाच्या रसात किंवा व्हिनेगरमध्ये भिजत घालून घासला म्हणजे छिद्रे मोकळी होतात. तोंडाची जाळीही पाणी व गॅस दोन्ही बंद करून धुता येते.

टिकटिक होते, पण ज्योत लागत नाही, असे असेल तर गॅस पाहावा. येथे अन्वय-व्यतिरेकाची रीत फार उपयोगी पडते. त्याच सिलिंडरावर स्वयंपाकघरातील शेगडी चालत असेल, तर ती पेटवून पाहावी. शेगडीही पेटत नाही, तर सिलिंडर, रेग्युलेटर किंवा मुख्य नळी यांत दोष. शेगडी पेटते व गीझर पेटत नाही, तर दोष गीझराच्या स्वतंत्र नळीत, चावीत वा यंत्रात. नवा सिलिंडर लावल्यावर नळीत हवा कोंडलेली असते, म्हणून पहिल्या दोन-तीन खेपा फुकट जातात. अशा वेळी प्रत्येक खेपेनंतर तोटी बंद करून एखादे मिनिट थांबावे, म्हणजे साचलेला गॅस निघून जाईल.

थंडीत आणखी एक गंमत होते. सिलिंडरातील गॅस हा मुख्यतः प्रोपेन व ब्यूटेन यांचा, दाबून द्रव केलेला. प्रोपेन उणे ४२ अंशांस उकळतो, तर ब्यूटेन शून्य अंशाच्या आसपास. द्रवाची वाफ होताना उष्णता लागते आणि ती द्रव स्वतःतूनच ओढून घेतो. म्हणून पुष्कळ गॅस एकसारखा ओढला म्हणजे सिलिंडर बाहेरून गार पडतो, त्यावर दव जमते व दाब उतरतो. शेवटास आलेल्या सिलिंडरावर, थंड पहाटे, शेगडी व गीझर एकदम चालविल्यास गीझर विझतो तो यामुळे. यावर उपाय एकच: एका वेळी एक काम करावे. सिलिंडरावर कढत पाणी ओतणे, तो उन्हात किंवा शेगडीजवळ ठेवणे, आडवा पाडणे हे सर्व प्रकार वर्ज्य होत. दाब वाढविण्यासाठी भट्टीचा मोठा रेग्युलेटर घरगुती यंत्रास लावणे हे तर निव्वळ साहस आहे.

ज्योत लागते आणि लगेच विझते, हा तिसरा प्रकार. तेव्हा साक्ष देणारी काडी काजळली आहे, सेल ठिणगीपुरते जिवंत असून झडप धरून ठेवण्यास अशक्त आहेत, पाण्याचा दाब खालीवर होत आहे, अथवा पाणी फार तापल्यामुळे यंत्राने स्वतःस आवरले आहे, यांपैकी काही असावे. नवे सेल घालून व पाण्याची तोटी पुरी उघडून पाहावी. त्यानेही न भागल्यास कारागीर बोलवावा. कित्येक यंत्रे सुमारे २० मिनिटे सतत चालल्यावर मुद्दाम आपोआप विझतात. ही खोड नव्हे, रक्षणाची योजना आहे.

चौथा प्रकार म्हणजे ज्योत उशिराने, धडाक्याने लागणे. याचा अर्थ ठिणगीच्या आधी गॅस साचतो आहे. आणि पाचवा प्रकार ज्योत निळी न राहता पिवळी, लवलवती होणे, तिच्या वर काजळी धरणे. या दोन्ही प्रकारांत यंत्र ‘पेटते आहे ना!’ म्हणून वापरीत राहणे सर्वांत वाईट. गॅस बंद करावा आणि कारागिराकडून यंत्र साफ करून घेईपर्यंत चुलीवर पाणी तापवावे.

सिलिंडराऐवजी पाइपने येणारा नैसर्गिक वायू ज्यांनी घेतला असेल, त्यांनी जुना गीझर तसाच जोडू नये. दोन्ही वायूंस लागणारे जेट निरनिराळे असतात. एकाचे यंत्र दुसऱ्यावर नीट पेटत नाही, व पेटले तरी नीट जळत नाही.

घरच्यांनी कोठे थांबावे

सेल बदलणे, जाळी व शॉवर धुणे, रेग्युलेटर नीट बसला आहे की नाही हे पाहणे, नळीवर छापलेली तारीख वाचणे आणि पाच वर्षे झालेली नळी बदलवून घेणे, एवढे घरच्यांचे काम. झाकण उघडून जेटाच्या छिद्रात सुई घालणे, झडपेची तार काढून दुसरीकडे जोडणे, साक्षीची काडी चुकवून यंत्र चालू ठेवणे, ही कामे घरच्यांची नव्हेत. आणि शेवटची दोन तर कारागिराचीही नव्हेत. यंत्राने ज्या कारणाकरिता नकार दिला, ते कारण दूर न करता त्याचा नकारच मोडून काढणे म्हणजे राखणदारास बांधून ठेवून दार उघडे टाकण्यासारखे आहे.

गॅसचा वास येत असेल तर परीक्षा वगैरे काही करू नये. मूळ गॅसला वास नसतो. गळती कळावी म्हणूनच त्यात इथिल मरकॅप्टन नावाचे दुर्गंधी द्रव्य मिसळलेले असते. हा गॅस हवेहून जड असल्यामुळे जमिनीलगत पसरतो व मोरीच्या, कोनाकोपऱ्याच्या आश्रयाने राहतो. रेग्युलेटर बंद करावा, दारे-खिडक्या उघडाव्यात, देवापुढील निरांजन विझवावे, विजेचे कोणतेही बटण लावू नये व मालवूही नये, आणि घराबाहेर येऊन १९०६ या क्रमांकावर कळवावे. गळती शोधावयाची ती साबणाच्या पाण्याच्या बुडबुड्यांनी. काडी पेटवून कधीही नाही.

सहावी कडी

आता हवेविषयी. येथे थोडे गणित करून पाहू. घरातील मुलांकडूनही ते करवून घ्यावे. मिनिटास ६ लिटर पाणी २५ अंशांनी तापवावयाचे तर १५० किलोकॅलरी उष्णता लागते. काही उष्णता वाया जाते असे धरून त्यासाठी मिनिटास सुमारे १६ ग्रॅम गॅस जळतो, आणि एवढा गॅस पुरता जळण्यास सुमारे २०० लिटर हवा लागते. सहा फूट लांब, पाच फूट रुंद व नऊ फूट उंच न्हाणीघरात २७० घनफूट, म्हणजे सुमारे ७,६५० लिटर हवा मावते. भागाकार केला तर ३८ मिनिटे येतात. सात-सात मिनिटांच्या सहा आंघोळी ओळीने झाल्या की ४२ मिनिटे होतात!

अर्थात् सारी हवा संपेपर्यंत ज्योत नीट जळत नाही. हवेत प्राणवायू शेकडा सुमारे २१ असतो. तो थोडासा उतरला की ज्वलन अपुरे होऊ लागते आणि कार्बन मोनॉक्साइड हा वायू उत्पन्न होतो. त्यास रंग नाही, वास नाही, डोळ्यांस झोंबणे नाही. रक्तातील हिमोग्लोबिन प्राणवायूपेक्षा त्यास दोनशेपटींहून अधिक ओढीने धरून ठेवते, व शरीरास प्राणवायू मिळेनासा होतो. डोके दुखणे, मळमळणे, चक्कर, पायांतले बळ जाणे ही त्याची लक्षणे. ‘आंघोळ करताना घेरी आली’ असे आपण सहज म्हणतो. दार आतून बंद असते, आणि पाणी वाहत राहते. एकत्र कुटुंबात शेवटी आंघोळ करणारे माणूस बहुधा घरची सून किंवा आई असते, कारण इतरांची सोय लावून मग ती न्हाणीघरात शिरते. तोपर्यंत खोलीतील हवा सर्वांत वाईट झालेली असते, हे ध्यानात ठेवावे.

यावर उपाय कठीण नाहीत. गीझर न्हाणीघराच्या बाहेर, उघड्या पडवीत वा गच्चीच्या बाजूस बसवावा आणि गरम पाणी तेवढे नळीने आत आणावे. भाड्याच्या घरामुळे किंवा अन्य अडचणीमुळे तो आतच असेल, तर तो हलविला जाईपर्यंत निदान जुन्या बंबाची चाल पाळावी: दार-खिडकी उघडी ठेवून घंगाळात वा बादलीत पाणी काढून घ्यावे, गीझर बंद करावा, मग आंघोळीस बसावे. दोन आंघोळींच्या मध्ये खोली वाऱ्यास मोकळी करावी. थंडी आत येते म्हणून झरोक्यात बोळा कोंबू नये. मुलांनी व वृद्धांनी आतून कडी लावू नये.

कोणी आत बेशुद्ध सापडल्यास आधी दार-खिडक्या उघडाव्यात, गॅस बंद करावा, माणसास मोकळ्या हवेत आणावे आणि १०८ क्रमांकावरून रुग्णवाहिका बोलवावी. डॉक्टरांस ‘गॅसचा गीझर चालू होता’ हे वाक्य आवर्जून सांगावे. बोटास लावण्याचे साधे ऑक्सिमीटर अशा वेळी फसवे ठरते. कार्बन मोनॉक्साइडने धरलेले रक्त आणि प्राणवायूने भरलेले रक्त यांतला भेद त्यास कळत नाही, व आकडा चांगला दाखविला तरी रोगी संकटात असू शकतो.

सारांश, गीझर पेटेना म्हणजे रागावू नये. आधी कान, मग सेल, मग पाणी, मग गॅस, या क्रमाने विचारीत जावे. आठ-दहा मिनिटांत बहुतेक वेळा उत्तर मिळते, आणि न मिळाल्यास कारागिरास नेमके काय सांगावयाचे ते तरी कळते. तेवढ्या वेळात चुलीवर एक पातेले ठेवले तर लहान मुलांच्या आंघोळी अडत नाहीत. आणि यंत्र पुन्हा पेटले, निळी ज्योत दिसू लागली, म्हणजे काम संपले असे न मानता न्हाणीघराची खिडकी उघडी आहे की नाही, हे एकदा जाऊन पाहावे.